वाटाण्याएवढे मलम

तारुण्यपीटिका हा शब्द ज्याने मराठीत रूढ केला, त्याने चाळिशी ओलांडलेल्या बाईचा चेहरा जवळून पाहिलेला नसावा. तारुण्य येताना चार पीटिका घेऊन येते आणि जाताना त्या घेऊन जाते, असा त्या शब्दाचा रोख आहे. माझ्या बाबतीत हा व्यवहार उलटा झाला. सोळाव्या वर्षी, जेव्हा वर्गातल्या निम्म्या मुली रुमालाने हनुवटी झाकत, तेव्हा माझा चेहरा स्वच्छ होता. तारुण्य रीतसर निरोप घेऊन गेले आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी, दार लोटून घ्यायच्या वेळेला, पीटिका आत शिरल्या. एकाच आरशात कपाळावर पांढरा केस आणि हनुवटीवर लाल पुळी दिसू लागली, की आपले खरे वय कोणते, असा प्रश्न कुणालाही पडावा.

घरातल्या माणसांनी हे पाहून न पाहिल्यासारखे केले असते. पण मी बालवर्गाला शिकवते. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, जुन्या भाषेत मॅट्रिक. आणि पाच वर्षांच्या मुलांना सभ्यता शिकवणे हे माझे काम. ते काम अजून चालू असल्यामुळे ती त्यांना आलेली नसते. पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "बाई, तुम्हाला डास चावला?" दुसऱ्याने सुधारणा केली, "डास नाही रे, मुंगळा." तिसरी एक मुलगी बराच वेळ माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "माझ्या आईला पण आहे. ती रडते." मी फळ्याकडे वळले आणि 'क' काढला. पण ते शेवटचे वाक्य माझ्या कानांत राहिले. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

चेहऱ्यावरची पुळी ही मोठी लोकशाहीवादी वस्तू आहे. तिच्यावर मत देण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. तुम्हाला मधुमेह झाला तर लोक डॉक्टरचे नाव विचारतात. मुरुम झाला तर स्वतःच डॉक्टर होतात. सासूबाई म्हणाल्या, "पोट साफ नाही तुझं." जाऊबाई म्हणाल्या, "विचार फार करतेस तू. ती कादंबरीबिदंबरी सोड थोडे दिवस." शाळेतल्या एका बाईंनी हळद आणि साय सांगितली, दुसऱ्या बाईंनी लिंबू, तिसऱ्या बाईंनी रात्री झोपताना टूथपेस्ट. शेजारच्या काकांनी सगळा दोष भिवंडीच्या माथी मारला. "अहो, मागांचं तूस उडतंय सगळीकडे, रस्त्याची धूळ, हा घाम. चेहरे कसे राहणार?" भिवंडीवर खापर फोडले की आमच्या गावात कोणताही वाद मिटतो.

यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रत्येक सल्ल्यात एक ठपका दडलेला असतो. पोट साफ नाही, म्हणजे खाण्यावर ताबा नाही. विचार करतेस, म्हणजे स्वभाव वाईट. धूळ बसते, म्हणजे तोंड धूत नाहीस. मुरुम हा रोग नसून वर्तनावरचा शेरा आहे, असे आपण सगळेच मनातून मानतो. म्हणून तर आमच्या कथा-कादंबऱ्यांतल्या नायिकेला क्षय होतो, हृदयविकार होतो, वेळप्रसंगी वेडही लागते. पण मुरुम होत नाही. क्षयाला करुणा मिळते. मुरुमाला फक्त सल्ला.

आपल्या जुन्या लोकांना मात्र हा विषय कमीपणाचा वाटला नव्हता. सुश्रुतसंहितेत या फोडांची नोंद आहे. सावरीच्या झाडावर जसे काटे असतात तसे हे तरुण माणसांच्या तोंडावर उठतात, आणि कफ, वात व रक्त यांच्या बिघाडाने उठतात, असे तिथे म्हटले आहे. मुखदूषिका हे त्यांचे नाव. सावरीचा काटा ज्याने पाहिला आहे, बुडाशी जाड आणि टोकाला बारीक, त्याला ही उपमा पटेल. पण सुश्रुताने हा विकार 'क्षुद्ररोगां'त घातला आहे. ज्यांना तो झाला आहे त्यांचे मत या वर्गीकरणाच्या वेळी घेतलेले दिसत नाही. लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप हे त्यावरचे जुन्या वैद्यांचे ठरलेले औषध.

आणि आमच्या तालुक्याला तर त्वचेच्या दुखण्यांचे माहेरघरच म्हटले पाहिजे. भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याने अंबाडीला जावे आणि तिथून वळावे, की वज्रेश्वरी येते. १७३९ साली वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी याच देवीला नवस केला होता, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जवळच तानसा नदीच्या काठाने अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. खरूज, नायटा, पुटकुळ्या, असे काही ना काही घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे अंघोळीला येत आली आहेत. माझ्या लहानपणी आजी आम्हाला तिथे नेई आणि "गंधकाचं पाणी आहे, निवांत बसा" म्हणून एकेकाला कुंडात उतरवी. गंधक हे मुरुमांवरचे फार जुने औषध आहे खरे. आजही काही मलमांत ते असते. पण कढत पाणी त्वचेचे तेल ओढून घेते आणि कोरडी पडलेली त्वचा अधिकच चिडते, हेही तितकेच खरे. तेव्हा वज्रेश्वरीला मी आताही जाते. देवीसाठी जाते, आणि चेहरा मात्र कुंडाबाहेर ठेवते.

शेवटी मी कल्याणला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पोटाची चौकशी केली नाही की स्वभावाची केली नाही. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर राठ केस वाढले आहेत का, वजन एकाएकी वाढले का, डोक्याला तेल किती लावता, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, असे साधे प्रश्न विचारले. मग कागदाच्या पाठीमागे त्यांनी एक चित्र काढले. एक केस, आणि त्याच्या मुळाशी चिकटलेली तेलाची एक पिशवी. तोंडाशी अरुंद, पोटाशी फुगीर, अगदी सुरईसारखी.

"हे तेल त्वचेला लागतंच," त्या म्हणाल्या. "पण शरीरातले काही स्राव ते जास्त करायला लावतात. वरून त्वचेच्या मेलेल्या पेशी सुरईच्या तोंडाशी चिकटून बसतात आणि बूच बसतं. आत जंतू असतातच, प्रत्येकाच्याच चेहऱ्यावर असतात; कोंडलेल्या तेलात ते माजतात आणि मग सूज येते. चाळिशीत बायकांचे स्राव वरखाली होतात, म्हणून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं फोड येतात. पाळीच्या आधी जास्त. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

शेवटचे वाक्य त्यांनी सहज म्हटले. पण त्या एका वाक्याने निम्मे दुखणे उतरते, हे त्यांना ठाऊक असावे.

मुरुमातला काळा ठिपका हा मळ नसतो, हे मला तिथे कळले. कोंडलेल्या तेलाचा आणि त्वचेच्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध आला की तो काळा दिसतो. तेव्हा तो घासून जात नाही, घासल्याने सूज मात्र वाढते. तेलकट खाण्याने चेहऱ्यावर तेल येते, हेही तितके सरळ नाही. १९६९ साली अमेरिकेत डॉक्टरांनी ६५ जणांना चॉकलेट खाऊ घालून पाहिले होते आणि मुरुमांत काही फरक पडत नाही असा निष्कर्ष काढला होता. पुढे इतरांनी दाखवून दिले, की तुलनेसाठी जी दुसरी वडी दिली होती तिच्यातही साखर आणि स्निग्धांश भरपूर होता! आज डॉक्टर इतकेच म्हणतात, की गोडधोड आणि मैदा अति झाला तर काही जणांचे मुरुम वाढतात; पण केवळ पथ्याने ते जात नाहीत. डोक्याला थापलेले खोबरेल कपाळावर ओघळले तर तिथली तोंडे बुजतात, हे मात्र नक्की.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला मास्तरकीच्या अनुभवाने लगेच पटली. आज जी पुळी दिसते ती आत कित्येक आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली असते. मार्चमध्ये नापास झालेला मुलगा खरे म्हणजे जूनमध्येच मागे पडलेला असतो, तसेच हे. म्हणून औषध दिसणाऱ्या पुळीवर लावायचे नसते. ते न दिसणाऱ्या पुळ्यांसाठी असते, सगळ्या चेहऱ्यावर लावायचे असते, आणि त्याचा निकाल तीन महिन्यांनी पाहायचा असतो.

मला मिळालेला नेम असा. सकाळी सौम्य साबणाने, साध्या पाण्याने, बोटांनीच चेहरा धुवायचा. मग बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्क्यांचे मलम पातळ लावायचे. दहा टक्क्यांचेही मिळते, पण त्याने गुण फारसा जास्त येत नाही; आग मात्र जास्त होते. त्यावर बिनतेलाचे मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना सनस्क्रीन. रात्री पुन्हा चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, ॲडापलीनचे मलम. किती? वाटाण्याएवढे. संपूर्ण चेहऱ्याला मिळून एक वाटाणा. सुरुवातीला एक रात्रीआड. दिवस गेले असतील किंवा जाण्याचा संभव असेल, तर हे रात्रीचे मलम वापरायचे नाही, हे त्यांनी माझ्या वयाकडे न पाहता बजावले. पुळी फोडायची नाही. आणि यापलीकडे काहीही करायचे नाही.

"आणि टॉवेल पांढरा वापरा," त्या हसून म्हणाल्या. "या सकाळच्या मलमानं कापडाचा रंग उडतो." मी म्हटले, भिवंडीच्या बाईला पांढऱ्या कापडाची काय वाण? आमच्याकडे रोज लाखो मीटर कोरे कापड मागांवरून उतरते.

'यापलीकडे काहीही करायचे नाही' हे या नेमातले सर्वांत अवघड कलम आहे. पहिल्या महिन्यात चेहरा सुधारला नाही. उलट कोरडा पडला, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले आणि दोन नव्या पुळ्या आल्या. हे असे होईल असे सांगितलेले होते, म्हणून धीर धरला. घरात सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत, की जणू मी मुद्दाम उपाय टाळते आहे. दुसरा महिना असाच गेला. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी शाळेतून घरी आल्यावर लक्षात आले, की आज कुणी काही विचारले नाही. यश आले ते असे, न बोलता आले. आजही पाळीच्या आधी एखादी पुळी येते. जुन्या पुळ्यांचे काळे डाग अजून थोडे आहेत. आपल्या सावळ्या कातडीवर ते महिनोन्‌महिने राहतात आणि उन्हाने गडद होतात. तरी चेहरा शांत झाला. इतके पुरे आहे.

आता त्या मुलीच्या आईविषयी.

ती मुलगी पद्मानगरकडून येते. तिकडे तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची वस्ती आहे. वडील मागावर, आई घरी. वर्षाच्या सुरुवातीला आई तिला सोडायला येई; मग येईनाशी झाली. शेजारीण मुलीला आणून सोडू लागली. एकदा पालकसभेला आई आली ती पदर नाकापर्यंत ओढून. सभा संपल्यावर ती मागे थांबली. पदर खाली घेतला, तेव्हा मला पटकन काही बोलता येईना. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल, त्यांवर बारीक शिरांची जाळी, आणि त्या लालीत गच्च पुळ्या. "गॅसपुढे उभी राहिले की आग होते, बाई," ती म्हणाली. "उन्हात आले की आग होते. एक दिवस ट्यूब नाही लावली तर सगळा चेहरा पेटतो."

ती ट्यूब तिने दीड वर्षापूर्वी एका औषधाच्या दुकानातून घेतली होती. तेव्हा तिला जेमतेम चार पुळ्या होत्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी पुळ्या बसल्या, आठव्या दिवशी रंग उजळला, आणि वस्तीतल्या आणखी बायकांनी तीच ट्यूब आणली.

ट्यूबवर बारीक अक्षरांत नाव होते, बीटामेथासोन. हे स्टिरॉइड. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर ते थोडे दिवस, मोजून देतात आणि तिथे ते गुणकारीही आहे. पण रोज चेहऱ्याला चोळले, की आधी सूज दबते, रंग उजळतो, आणि मग कातडी पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, ज्या पुळ्यांसाठी लावले त्याच दामदुपटीने येतात. आणि थांबवावे तर चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो. ही एकट्या पद्मानगरची गोष्ट नव्हे. २०११ साली देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण असली स्टिरॉइडची मलमे लावत होते. म्हणजे शंभरातले जवळजवळ पंधरा. कित्येक जण ती केवळ गोरे होण्यासाठी लावत होते, आणि सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरुम. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमे 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा झाला. पण काउंटरवर कायद्यापेक्षा गिऱ्हाईकाची घाई मोठी असते.

मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका, डॉक्टर सांगतील तसे थांबवा, इतकेच मला ठाऊक होते. पुढचे दोन महिने तिने कसे काढले ते मी पाहिले. चेहरा भडकला, सुजला. सासूचे म्हणणे पडले, की ट्यूब होती ती बरी होती. नवरा मात्र दवाखान्यात दोनदा खाडा करून बरोबर आला. तिला औषधापेक्षाही वाट पाहण्याची गरज होती, आणि तिच्या घरात ती सर्वांत महाग वस्तू होती.

तेव्हापासून मी एक साधी खूण मनाशी धरली आहे आणि जी विचारेल तिला सांगते. चेहऱ्यावर जे तीन दिवसांत गुण दाखवते, त्याला भ्यावे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असले नाव असेल, वेष्टनावर लाल उभी रेघ असेल, तर डॉक्टरच्या हातून आल्याशिवाय ती तोंडाला लावू नये.

कधी कधी संध्याकाळी माणकोलीच्या बाजूने येताना मोठाली गोदामे दिसतात. मुंबईत घरोघरी जाणारी क्रीमे, फेसवॉश, सीरमे यांची खोकी तिथे थप्प्यांनी असतात. आमच्या शाळेतून गेलेली काही मुले ती भरण्याचे काम करतात. एक मुलगा मला म्हणाला, "बाई, एवढी क्रीमं जातात, तर एवढे चेहरे खराब आहेत का?" मला वाटले, चेहरे खराब नाहीत; बघणारे वाढले आहेत. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. तिच्या पिढीत ते घरोघरी होते. आपल्या देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. फार मोठे काम झाले. पण आजी आयुष्यभर त्या वणांसकट लग्नाकार्यात पुढे बसली, हळदीकुंकवाला गेली, दर दिवाळीला अंगणात उभी राहिली. तिच्याकडे बघताना आम्हाला वण दिसत नसत, आजी दिसे. आता हातातल्या फोनवर माणूस आधी स्वतःचा चेहरा न्याहाळतो, मग पुसून घेतो, मग लोकांना दाखवतो. चार पुळ्या पुसता येतात असे एकदा डोळ्यांना वाटले, की खऱ्या चेहऱ्यावरच्या चार पुळ्या सहन होत नाहीत. मग काउंटरवरची ट्यूब फार लांब नसते.

हे लिहिताना दिवाळीचे उटणे कुटून ठेवले आहे. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद. डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, अंगाला खुशाल लावा, चेहऱ्यावर रगडू नका. तेव्हा नरकचतुर्दशीला उटणे मानेपर्यंत चढेल आणि तिथे थांबेल. त्याला माझी हरकत नाही.

परवा सहामाही संपली. मुलीला न्यायला आई स्वतः आली होती. उन्हासाठी छत्री होती, पदर खांद्यावर होता. गालांवरची लाली अजून पुरती गेलेली नाही; डॉक्टर म्हणतात, आणखी काही महिने लागतील. मी विचारले, "कसं वाटतंय आता?" तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "होते तशी होतेय, बाई." मग मुलीचे दप्तर एका हातात आणि छत्री दुसऱ्या हातात धरून ती तीनबत्तीच्या बाजाराकडे निघाली. दिवाळीची खरेदी व्हायची होती.